वैमानिकाचे भान व आपले भान

चूक ही अडाण्याच्या किंवा आळशाच्या हातूनच होते, शहाण्या व कसलेल्या माणसाच्या हातून ती होत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलाचे गणित चुकले की 'अभ्यास केला नाहीस' हे वाक्य आम्हां शिक्षकांच्या आणि तुम्हां पालकांच्याही ओठांवर तयार असते. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु ज्यांचा अभ्यास पुरा झाला आहे, ज्यांची परीक्षा नोकरीत असेपर्यंत वरचेवर घेतली जाते, ज्यांची प्रकृती डॉक्टरांनी नियमाने तपासलेली असते, आणि ज्यांचा स्वतःचा जीव त्याच कामावर अवलंबून असतो, अशी माणसेही चुकतात. ती का चुकतात हे पाहू गेले असता मनुष्याच्या मनाचे असे काही धर्म उघड होतात की, ते तुम्हां-आम्हां सर्वांस सारखेच लागू पडतात. म्हणून प्रवासी विमान चालविणाऱ्यांच्या चुकांचा थोडा विचार यंदा या पानांतून करावा, असे आम्ही योजिले आहे.

भिवंडीच्या मुलांस विमान हे काही नवल राहिलेले नाही. मुंबईचा विमानतळ येथून फार दूर नाही, आणि रात्री आकाशात सरकणारे दिवे पाहून विमान चालले हे लहान मूलही सांगते. पण त्या विमानाच्या पुढच्या लहानशा खोलीत दोन माणसे बसलेली असतात, आणि मागे बसलेल्या शे-दीडशे जिवांचे कुशल त्या दोघांच्या आपसांतील बोलण्यावर कितीतरी अवलंबून असते, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

पहिले उदाहरण आपल्या मुंबईचेच घेऊ. १ जानेवारी १९७८ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' या नावाचे बोइंग ७४७ जातीचे प्रचंड विमान सांताक्रूझच्या धावपट्टीवरून दुबईस जाण्यासाठी उडाले. त्यात १९० उतारू व २३ कर्मचारी, मिळून २१३ माणसे होती. किनारा ओलांडून विमान समुद्रावर आले, थोडे उजवीकडे वळले व पुन्हा सरळ झाले. येथवर सर्व यथास्थित होते. त्यानंतर ते डावीकडे कलू लागले, कलतच गेले, आणि उड्डाणापासून अवघ्या १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळले. एकही मनुष्य वाचला नाही.

प्रथम घातपाताचा संशय लोकांच्या मनात आला. पुढे विमानातील ध्वनिमुद्रक व गतिस्थितीची नोंद ठेवणारे यंत्र समुद्रतळातून हाती लागले, आणि खरा प्रकार उघडकीस आला. विमान जमिनीशी समांतर आहे की कोठे कलले आहे हे दाखविणारे एक यंत्र प्रत्येक वैमानिकासमोर असते. त्याला आपण कृत्रिम क्षितिज म्हणू. मुख्य वैमानिकाच्या समोरचे हे यंत्र बिघडले होते. विमान सरळ झाल्यावरही ते उजवीकडे कललेलेच आहे असे हे यंत्र दाखवीत राहिले. ते सरळ करावे म्हणून वैमानिकाने सुकाणू डावीकडे फिरविले. यंत्र बदलेना, म्हणून आणखी फिरविले. म्हणजे जो सरळ चालला होता तो आपण वाकडे चाललो आहोत असे समजून स्वतःस सावरू लागला, आणि त्या सावरण्यानेच पडला.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, एवढे अवाढव्य विमान एका अंगावर कलंडत असता आत बसलेल्या माणसास ते अंगाला जाणवू नये काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते. आपल्या कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार अशा तीन बारीक नळ्या असतात व त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नळी वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, आणि तेथील सूक्ष्म केस वाकून मेंदूस वळल्याची वर्दी देतात. परंतु वळणे अगदी सावकाश असेल तर ही वर्दी जातच नाही. आणि वळणे एकाच वेगाने पुष्कळ वेळ चालू राहिले तर द्रवही नळीबरोबर फिरू लागतो व वळणे थांबले असा भास होतो. याचा पडताळा वर्गातही पाहता येईल. फिरत्या खुर्चीवर एका मुलास बसवून त्याचे डोळे बांधावे आणि शिक्षकांनी खुर्ची संथ व एकसारख्या वेगाने फिरवीत राहावे. थोड्या वेळाने तो 'थांबलो' असे म्हणेल, आणि खुर्ची खरोखर थांबविताच 'उलटा फिरतो आहे' असे म्हणेल. दिवसा वैमानिकास क्षितिजाची रेषा दिसते व डोळे कानांची चूक सुधारतात. त्या रात्री मात्र किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले होते, खाली काळा समुद्र होता व वर काळे आकाश. डोळ्यांस आधार नव्हता, शरीराची साक्ष विश्वासाची नव्हती, आणि ज्या यंत्रावर विसंबावयाचे तेच खोटे सांगत होते.

तथापि विमानात असे यंत्र एकच नव्हते. सहवैमानिकासमोर दुसरे होते, आणि मध्यभागी राखीव असे तिसरे होते. मुख्य वैमानिकाने आपल्या यंत्रात काही बिघाड झाल्याचे उद्गार काढले, तेव्हा सहवैमानिकानेही आपले यंत्र बिघडल्याचे सांगितले. वास्तविक दोन यंत्रे दोन निरनिराळ्या गोष्टी दाखवीत होती. त्यांतील खरे कोणते हे तिसऱ्याकडे पाहून ठरविता आले असते. मागे बसलेल्या यंत्रज्ञाने त्या खोट्या यंत्रावर जाऊ नका असे ओरडून सांगितल्याचे मुद्रणावर आहे. पण तोपर्यंत उरलेली सेकंदे बोटांवर मोजण्याइतकीच होती. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की, यंत्र बिघडल्यामुळे मुख्य वैमानिकास विमानाच्या स्थितीचे भान मुळीच राहिले नाही, त्याने विपरीत दिशेने सुकाणू फिरविले, आणि इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरणे त्या मंडळीस साधले नाही.

यांत अज्ञान कोठे आहे? आळस कोठे आहे? मुख्य वैमानिक कंपनीतील मुरलेले गृहस्थ होते. जे गेले ते भान. शास्त्रज्ञ यास 'परिस्थितीचे भान' असे म्हणतात. मिका एन्डस्ली या अमेरिकन विदुषींनी १९९५ साली या भानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवाव्या. पहिली, भोवती काय आहे ते दिसणे. दुसरी, जे दिसले त्याचा अर्थ उमजणे. तिसरी, त्यावरून पुढे काय होणार हे ताडणे.

आपल्या गावच्या व्यवसायातून हे सहज समजेल. एक कामगार चार यंत्रमाग सांभाळीत असतो. चौथ्या मागावर ताण्याचा धागा तुटला हे त्याच्या नजरेस पडले, ही पहिली पायरी. या तुटीमुळे कापडात दोष उतरत आहे हे त्याने ओळखले, ही दुसरी. माग असाच चालू राहिला तर सारा तागा कमी भावाने काढावा लागेल हे जाणून त्याने माग थांबविला, ही तिसरी. हात कितीही सराईत असला तरी या तिन्हींपैकी एक पायरी निसटली की कापड बिघडते. विमानातही असेच होते. फरक इतकाच की, तेथे माग थांबवून विचार करण्याची सोय नसते.

पहिली पायरी निसटण्याचे उदाहरण २० सप्टेंबर २०१८ चे आहे. जेट एअरवेजचे एक विमान १६६ उतारू घेऊन मुंबईहून जयपुरास निघाले. उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब राखावा लागतो, व त्यासाठी काही बटणे योग्य जागी आहेत की नाहीत हे उड्डाणाच्या वेळी पाहावे लागते. ती बटणे त्या दिवशी दुर्लक्षिली गेली. विमान वर चढू लागले तसा आतला दाब कमी झाला, प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबले, आणि सुमारे तीस उतारूंच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान माघारी मुंबईस उतरविले गेले व प्राणहानी टळली. ती बटणे काय कामाची आहेत हे वैमानिकांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? जे रोज दिसते ते एखाद्या दिवशी दिसेनासे होते. किंबहुना जे नेहमी जागच्या जागी असते त्याकडे पाहिल्यासारखे करून आपण पाहातच नाही. उत्तरपत्रिकेवर आपला परीक्षाक्रमांक लिहावयाचा विसरणारा हुशार विद्यार्थी याच जातीची चूक करीत असतो.

दुसऱ्या पायरीची चूक अधिक विलक्षण आहे, कारण तीत डोळ्यांस सर्व दिसत असते, केवळ अर्थ चुकतो. मुंबईस सांताक्रूझचा मोठा विमानतळ व जुहूचा लहान, हे दोन्ही एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. १९५३ साली एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले. पुढे २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या विमानाने हीच चूक केली. ते धावपट्टी संपवून पलीकडे गेले व पुन्हा उडण्याजोगे राहिले नाही. जीवितहानी झाली नाही हे सुदैव. धावपट्टी दिसणार अशी मनाची तयारी झालेली असते, तोच एक धावपट्टी दिसते, आणि 'हीच ती' असे मन तत्काळ ठरवून टाकते. मनुष्य जे पाहावयास निघतो तेच त्यास दिसते, हा या चुकीचा अर्थ होय.

परंतु सर्वदा सुदैव आड येत नाही. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालिया या इटालियन कंपनीचे विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. पावसाळ्याचे दिवस, खाली ढग व काळोख. आपण मुंबईच्या जवळ पोहोचलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि तो विमान खाली उतरवू लागला. मुंबई अद्याप सह्याद्रीच्या पलीकडे होती. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर विमान आदळले व त्यातील ९४ ही माणसे मृत्युमुखी पडली. आपण कोठे आहो याविषयीचा हिशेब चुकला आणि त्यामुळे वेळेपूर्वीच उतरणे सुरू झाले, हे त्या अपघाताचे कारण ठरले. ज्या डोंगरांकडे आपण पावसाळ्यात हिरवाई पाहण्यास जातो, तेच डोंगर चुकलेल्या हिशेबापुढे असे उभे राहतात.

तिसऱ्या पायरीचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे, आणि तेही 'सम्राट अशोक' ज्या वर्षी गेले त्याच वर्षाच्या अखेरीचे. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड शहराजवळ युनायटेड कंपनीच्या विमानाची चाके नीट खाली आली की नाही असा संशय उत्पन्न झाला. त्याची शहानिशा करीत मुख्य वैमानिक सुमारे एक तास आकाशात घिरट्या घालीत राहिला. इंधनाचा काटा सर्वांच्या डोळ्यांसमोर उतरत होता. तो दिसत होता, त्याचा अर्थही ठाऊक होता. मात्र अमुक मिनिटांनी एंजिने बंद पडणार हे मुख्य वैमानिकाने वेळीच ताडले नाही. विमानतळ नजीक असता इंधन संपले. विमान एका वस्तीत उतरले व १८९ पैकी १० माणसे मरण पावली. सहवैमानिकाने व यंत्रज्ञाने इंधनाचा विषय काढला नव्हता असे नाही. पण तो आडून, सूचकपणे व भीडेने काढला. 'साहेब, आता उतरलेच पाहिजे' असे स्पष्ट कोणी म्हटले नाही.

येथे आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याशी येऊन पोहोचलो. ज्याचे भान हरपले आहे त्यास आपले भान हरपले हे कळत नाही. झोपलेल्या माणसास आपण झोपलो आहो हे ठाऊक नसते, तसेच हे आहे. कळले असते तर त्याने चूक केलीच नसती. तेव्हा अशा प्रसंगी त्यास जागे करण्याचे साधन त्याच्या स्वतःच्या बुद्धीत सापडणे कठीण. ते शेजारच्या माणसाच्या शब्दात असते. मात्र तो शब्द उच्चारला जावा लागतो, नेमका असावा लागतो, आणि ज्याच्यासाठी उच्चारला त्याने तो ऐकावा लागतो. यांतील एकही गोष्ट उणी पडली तर शब्द व्यर्थ जातो. पोर्टलंड येथे शब्द खंबीरपणे उच्चारला गेला नाही. उरलेल्या दोन गोष्टींची उदाहरणे आपल्या देशाच्या विमानांच्या इतिहासातच सापडतात.

२४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे विमान युरोपातील माँ ब्लाँ या हिमाच्छादित पर्वतावर आदळले. त्यात ११७ माणसे होती. आपल्या देशाच्या अणुसंशोधनाचे प्रवर्तक डॉक्टर होमी भाभा हे त्यांतलेच एक. दिशा दाखविणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बिघडलेले होते. पर्वत मागे पडला असे वैमानिकास वाटले व त्याने तसे जिनिव्हाच्या नियंत्रकास कळविले. नियंत्रकाने चूक ओळखली आणि विमानाचे खरे स्थान सांगितलेही. परंतु ज्या शब्दांत ते सांगितले ते पुरेसे नेमके नव्हते, असे चौकशीत आढळले. सांगणाऱ्यास वाटले की सांगून झाले, आणि ऐकणाऱ्यास वाटले की आपलेच म्हणणे खरे ठरले. भाषा शुद्ध व नि:संदिग्ध असावी हे आम्ही मराठीच्या तासाला वारंवार सांगतो, तेव्हा ती गुण मिळविण्याची युक्ती आहे असे मुलांनी समजू नये. पत्ता सांगताना, औषधाचे प्रमाण सांगताना, निरोप पोहोचविताना संदिग्ध वाक्याची किंमत केव्हा केवढी द्यावी लागेल याचा नेम नसतो.

दुसरे उदाहरण २२ मे २०१० चे. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी मंगळुरास उतरत होते. मुख्य वैमानिकास दहा हजारांहून अधिक तास उड्डाणाचा अनुभव होता. प्रवासात तो दीड तासाहून अधिक वेळ झोपी गेला होता, हे ध्वनिमुद्रणावरून सिद्ध झाले. अशा झोपेतून उठलेल्या मनुष्याची बुद्धी काही काळ मंद असते. विमान फार उंचावर व फार वेगात येत होते. उतरणे रद्द करून विमान पुन्हा वर न्यावे असे सहवैमानिकाने तीनदा सांगितले. धोका सुचविणारे यंत्रही मोठ्याने इशारा देत होते. मुख्य वैमानिकाने ऐकले नाही. सुमारे आठ हजार फूट लांबीच्या धावपट्टीपैकी पाच हजारांहून अधिक फूट मागे पडल्यावर विमानाची चाके टेकली. ते पलीकडच्या दरीत गेले व पेटले. १६६ पैकी ८ वाचले, १५८ गेले. शब्द उच्चारला होता, नेमका होता, वेळेवर होता. तो ऐकला गेला नाही. आणि कनिष्ठानेही, वरिष्ठ ऐकत नाही असे पाहून, सुकाणू आपल्या हाती घेतले नाही.

असो. अपघातांची ही मालिका वाचकांस भयभीत करण्यासाठी दिलेली नाही. विमानविद्येची खरी थोरवी अशी की, तिने आपल्या चुका झाकून ठेविल्या नाहीत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही आपली म्हण आहे. पण पुढच्यास ठेच लागली हे मागच्यास कळावयास तर हवे! आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमांत अपघाताच्या चौकशीचा हेतू पुन्हा तसे न घडावे हाच आहे, कोणावर ठपका ठेवणे हा नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. अमुक मनुष्य वाईट होता असे म्हणून चौकशी संपविली तर दुसऱ्या दिवशी दुसरा चांगला मनुष्य त्याच खड्ड्यात पडतो.

या चौकश्यांतून दोन उपाय निघाले. पहिला जुना आहे. १९३५ साली अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे लष्करी विमान चाचणीच्या वेळी कोसळले, कारण जमिनीवर असताना सुकाणूचे भाग जखडून ठेवणारी खीळ काढावयाची निष्णात वैमानिकासही आठवण राहिली नाही. तेव्हापासून करावयाच्या गोष्टींची छापील यादी वाचून एकेक बाब ताडून पाहण्याची वहिवाट पडली. यादी ही मूर्खासाठी असते असे काहींस वाटते. वस्तुतः ती जाणत्यासाठी असते, कारण जाणत्याचेच हात न पाहता चालतात. २०१८ च्या प्रसंगावरून दिसते की यादी असूनही भागत नाही. ती खरोखर वाचावी लागते, आणि बोट ठेवले त्या वस्तूकडे डोळ्यांनी पाहावे लागते.

दुसरा उपाय माणसांच्या आपसांतील वागणुकीचा आहे. १९७९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची बैठक भरविली, आणि १९८१ पासून युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांस एकत्र काम करण्याचे निराळे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुढे ते शिक्षण जगभर पसरले व आपल्या देशातही वैमानिकांस घ्यावे लागते. त्यात वरिष्ठास शिकविले जाते की, कामास आरंभ करण्यापूर्वी 'माझे काही चुकताना दिसले तर ताबडतोब सांगा' असे सोबत्यास आपण होऊन म्हणावे. कनिष्ठास शिकविले जाते की, प्रथम दिसले ते सांगावे, मग चिंता स्पष्ट शब्दांत सांगावी, मग काय करावे ते सुचवावे, आणि तरीही धोका टळत नसेल तर स्वतः काम हाती घ्यावे. दुसऱ्याने दिलेली सूचना उलट म्हणून दाखवावी, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असल्यास तेथल्या तेथे उघड होते.

हे वाचून पालक म्हणतील की, आमच्या मुलांस वैमानिक थोडेच व्हावयाचे आहे? कोणी होईलही. पण न होणाऱ्यांसाठीही यांत धडा आहे, आणि तो मुलांपेक्षा आपणां वडील मंडळीसच अधिक आहे. आपल्या घरांत व शाळांत वडिलांचा मान राखण्याची रीत आहे, आणि ती राहावी असेच आम्हांस वाटते. परंतु मान राखणे आणि गप्प बसणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. फळ्यावरच्या हिशेबात हातचा एक राहिला असे मुलाने सांगितले असता शिक्षकाने 'तू मोठा शहाणा' असे म्हटले, तर ते मूल त्या दिवशी एक गोष्ट शिकते: दिसले तरी बोलू नये. नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून मोटारसायकल हाकणाऱ्या वडिलांस मागे बसलेल्या मुलीने 'बाबा, समोरून गाडी येते आहे' असे सांगितले आणि वडील वसकले, तर पुढच्या खेपेस ती डोळे मिटून बसेल. पंचवीस वर्षांनी हीच मुले कारखान्यात, इस्पितळात, कदाचित विमानाच्या त्या लहानशा खोलीत कोणाच्या तरी हाताखाली काम करीत असतील. बोलण्याची सवय तेथे एका दिवसात लागत नाही. ती येथे, घरच्या माजघरात आणि शाळेच्या बाकावर लागते किंवा मोडते.

मुलांनीही एक विवेक ठेवावा. वडिलांची चूक दाखविणे म्हणजे त्यांस हिणविणे नव्हे. पंचाईतीत आनंद मानणारा आणि सावध करणारा यांत मोठे अंतर आहे. 'गुरुजी, तिसऱ्या ओळीत सातच्या जागी नऊ हवेत असे मला वाटते, एकदा पाहाल का?' या वाक्यात मान आहे, नेमकेपणा आहे, आणि धैर्यही आहे. तसेच, सांगणाऱ्याचे सांगणे शेवटी चुकीचे ठरले तरी त्यास दोष देऊ नये. शंभरदा फुकट गेलेल्या सूचनेपेक्षा एकदा न दिलेली सूचना फार महाग पडते.

शेवटी विद्यार्थ्यांस एक अभ्यास देतो. दिवसातून एकदा, शाळेस निघताना किंवा रस्ता ओलांडताना, क्षणभर मनास तीन प्रश्न विचारावे: आता माझ्याभोवती काय आहे? त्याचा अर्थ काय? आणि आणखी एका मिनिटाने काय होईल? मग सोबत्यास विचारावे की, त्यास तसेच दिसते काय. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर कोणाचे खरे यावर वाद न घालता दोघांनी मिळून पुन्हा एकदा पाहावे. पालकांनी हा अभ्यास मुलांकडून करून घ्यावा, आणि त्यांनी काही निराळे पाहिले असे सांगितल्यास ते पुरते ऐकून घ्यावे, इतकीच आमची विनंती आहे.